उजनी ‘मायनस’मध्ये जातं म्हणजे नेमकं कुठे जातं?

उन्हाळा लागला की सोलापूर-पुण्याकडच्या बातम्यांमध्ये एक आकडा दिसायला लागतो. उजनी वजा दहा टक्के, उजनी वजा पंचवीस टक्के, ‘उजनी मायनसमध्ये’. २०२४ च्या उन्हाळ्यात तर हा आकडा वजा साठच्या घरात गेला होता. नीट ऐकलं तर हे विचित्रच वाटतं. धरणात पाणी असेल किंवा नसेल, नसण्याहूनही कमी पाणी कसं असेल? पण धरणाच्या पाण्यावर ज्याचा ऊस उभा आहे त्याला ही बातमी अर्ध्या सेकंदात कळते. त्याच घरातल्या सहावीतल्या मुलीला मात्र गणिताच्या पुस्तकात -६० दिसलं की अडायला होतं. दोन्हीकडचं उणे एकच आहे, म्हणून पुस्तक जरा बाजूला ठेवून आधी धरणाकडे जाऊ.

भीमा नदीवरच्या या धरणात १०० टक्के भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये साधारण २,८३२ कोटी. पण धरणातलं सगळं पाणी सारख्या कामाचं नसतं. एका ठरावीक पातळीच्या खाली पाणी गेलं की ते नेहमीसारखं कालव्यांना सोडता येत नाही. त्या पातळीच्या खालचा तो मृत साठा आणि वरचा तो उपयुक्त साठा. उजनीचा मृत साठा ६३.६६ टीएमसी आहे आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. बातमीतली टक्केवारी असते ती उपयुक्त साठ्याची.

म्हणजे ‘उजनी शून्य टक्के’ असं वाचाल तेव्हा धरणात ६३.६६ टीएमसी पाणी शिल्लक असतं. राज्यातली बहुतेक धरणं काठोकाठ भरली तरी एवढं पाणी धरत नाहीत! शून्य म्हणजे इथे ‘काही नाही’ नव्हे. शून्य ही एक खूण आहे, अधिकाऱ्यांनी आणि अभियंत्यांनी सोयीच्या जागी मारलेली. पाणी खुणेच्या वर असेल तर धन आकडा, खाली असेल तर ऋण. वजा साठ टक्क्यांचा हिशेब करून पाहा. ५३.५७ चे साठ टक्के म्हणजे ३२.१४ टीएमसी. खुणेखाली एवढं पाणी कमी झालं, तरी ६३.६६ मधून ३२.१४ गेले आणि ३१.५२ टीएमसी उरले. लोक त्यातूनही उपसा करतात, उरलेलं ऊन पितं. धरणात बुडालेल्या जुन्या पळसदेव गावाचं मंदिर पाण्याबाहेर येतं ते अशाच दिवसांत. उजनी अगदी ठणठणीत कोरडं पडलं तर या मोजपट्टीवर आकडा येईल सुमारे वजा ११९ टक्के. खरं रिकामेपण तिथे आहे, शून्यावर नाही.

ऋण संख्या समजायला अवघड जातात याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. पहिलीपासून आपण शून्य शिकतो ते ‘टोपलीत एकही आंबा नाही’ असं. ते शून्य रिकामं असतं, त्याच्या खाली जायला जागाच नसते. सहावीत अचानक दुसरं शून्य समोर येतं, खुणेचं शून्य, आणि शून्य बदललंय हे कुणी सांगत नाही. मूल आपलं टोपलीत वजा तीन आंबे शोधत बसतं.

खूण कुठे मारायची हे माणूस ठरवतो, याचा मजेदार पुरावा तापमापकात आहे. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा त्याने उकळत्या पाण्याला शून्य दिलं होतं आणि गोठणाऱ्या पाण्याला शंभर. जितकं थंड तितका आकडा मोठा. त्याच्यानंतर लोकांनी ती उलटवली आणि आजची पट्टी झाली. म्हणजे शून्याची जागाच काय, धन बाजू कुठली आणि ऋण कुठली हेसुद्धा ठरवून घ्यायचं असतं. म्हणूनच वजा दहा अंश हे वजा पाच अंशांच्या ‘दुप्पट थंड’ नसतं, आणि वजा चाळीस टक्क्यांवरचं उजनी वजा वीसच्या ‘अर्धं’ नसतं. पहिल्यात सुमारे ४२ टीएमसी पाणी आहे, दुसऱ्यात ५३.

आता रेषा काढू. शाळेत संख्यारेषा आडवी काढतात. माझ्या मते पहिले चार-आठ दिवस तरी ती उभी काढावी, पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीसारखी. मध्ये कुठेतरी ० लिहा, हा आरंभबिंदू. सारख्या अंतरावर वर १, २, ३ आणि खाली -१, -२, -३. वाचताना उणे एक, उणे दोन, उणे तीन. दोन्ही टोकांना बाण काढा, कारण रेषा संपत नाही. धरणाला तळ असतो, पण संख्यारेषेला नसतो. कितीही खालची संख्या सांगा, तिच्याही एक पाऊल खाली दुसरी असतेच. १, २, ३… या नैसर्गिक संख्या. त्यात शून्य मिळवलं की पूर्ण संख्या. आणि खालच्या बाजूच्या -१, -२, -३… घेतल्या की सगळ्यांचं मिळून नाव पूर्णांक संख्या. ‘पूर्ण’ आणि ‘पूर्णांक’ या नावांत मुलं गोंधळतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. नावं फारच जवळची आहेत. पूर्णांक फक्त खुणांवर बसतात. ३१.५२ किंवा उणे साडेतीन हे दोन खुणांच्या मधे पडतात, ते याच रेषेवर असतात पण पूर्णांक नसतात.

उभी रेषा सवयीची झाली की ती घड्याळाच्या दिशेने पाव फेरी फिरवा. वरचं उजवीकडे गेलं, खालचं डावीकडे. झाली पुस्तकातली रेषा.

लहान-मोठेपणाचा प्रश्न उभ्या रेषेवर जवळजवळ उरतच नाही. -८ मोठी की -३? नुसते आकडे पाहिले तर आठ मोठा वाटतो. उजनी वजा आठवर असताना पाणी जास्त की वजा तीनवर? वजा तीनवर. मग -३ मोठी. जी वर ती मोठी, आणि रेषा आडवी केल्यावर जी उजवीकडे ती मोठी. त्यामुळे शून्य प्रत्येक ऋण संख्येपेक्षा मोठं असतं आणि सर्वांत मोठी ऋण पूर्णांक संख्या -१ असते, जे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. आठ तीनपेक्षा मोठा, ही भावना मात्र अगदीच चुकीची नाही. -८ शून्यापासून जास्त लांब आहे, एवढंच ती सांगते. दिशा सोडून नुसतं अंतर मोजलं की त्याला केवल मूल्य म्हणतात: -८ चं केवल मूल्य ८, आणि ८ चंही ८. शून्यापासून सारख्याच अंतरावर, पण समोरासमोरच्या बाजूंना बसलेल्या अशा दोन संख्या एकमेकींच्या विरुद्ध संख्या. त्यांची बेरीज शून्य.

बेरीज म्हणजे रेषेवरची चाल. पहिली संख्या सांगते कुठे उभं राहायचं, दुसरी सांगते किती आणि कुठे सरकायचं. -३ + ५: उणे तीनवर उभे राहा, पाच पावलं वर, पोचलात २ वर. -३ + (-४): उणे तीनवरून आणखी चार खाली, -७. इंग्लंडच्या जॉन वॉलिसने १६८५ च्या आपल्या बीजगणिताच्या ग्रंथात नेमका असाच माणूस चालवला आहे. तो पाच यार्ड पुढे जातो आणि मग आठ यार्ड मागे येतो. निघाल्या जागेपासून तो किती पुढे आहे? उणे तीन यार्ड. वॉलिस म्हणतो, हा आकडा निरर्थक नाही, तीन यार्ड मागे इतकाच त्याचा अर्थ. संख्यारेषेवर ऋण संख्या चालवून दाखवायची पद्धत युरोपात रुजली ती अशा लिखाणातून.

शाळेत हे सगळं न चालता पाठ करून घेतात: चिन्हं सारखी तर बेरीज करा, वेगळी तर वजाबाकी करा, मोठ्याचं चिन्ह द्या. नियम बरोबर आहे. फक्त दोन महिन्यांनी गुणाकाराचा ‘उणे उणे अधिक’ शिकवला जातो आणि दोन्ही नियम डोक्यात एकमेकांवर चढतात. मग -३ - ४ चं उत्तर मुलं बिनदिक्कत ७ लिहितात, कारण दोन उणे दिसले ना! धरण तीन टक्के खाली होतं, त्यातलं आणखी चार टक्के पाणी गेलं. ते सात टक्क्यांनी वर कसं येईल? ज्याने हे रेषेवर एकदा बोटाने चालून पाहिलंय त्याच्या हातून ही चूक सहसा होत नाही.

वजाबाकीसाठी मला सगळ्यांत सोयीचा वाटतो तो ‘फरक’. जूनच्या अखेरीस धरण वजा चारवर होतं आणि पाऊस पडून जुलैत अधिक तीनवर आलं असं धरू. किती टक्के वाढलं? उत्तर तोंडी येतं: आधी शून्यापर्यंत यायला चार, तिथून पुढे तीन, एकूण सात. फरक काढायची रीत नेहमीचीच, नव्यातून जुनं वजा:

३ - (-४) = ७

ज्या दोन उण्यांच्या शेजाराला मुलं घाबरतात तो इथे आपसूक आला. उणे चारपासून तीनपर्यंतची वाटच सात पावलांची आहे. उलट दिशेने, तीनवरून उणे चारपर्यंत उतरलो तर -४ - ३ = -७; पावलं तितकीच, दिशा खालची. यातलं एक उणे क्रियेचं आहे, वजा करण्याचं. दुसरं संख्येचं, ती कुठल्या बाजूला बसली आहे हे सांगणारं. खूण एकच वापरतो म्हणून गोंधळ होतो.

वाटेत शून्यावर पाऊल पडतं हे मात्र विसरू नका. इसवी सनाच्या गणनेत ते पडत नाही. इसवी सनपूर्व १ नंतर लगेच इसवी सन १ येतो, मधे शून्य साल नाहीच. रोमचा सम्राट ऑगस्टस इसवी सनपूर्व ६३ च्या सप्टेंबरात जन्मला आणि इसवी सन १४ च्या ऑगस्टात वारला. संख्यारेषेच्या हिशेबाने १४ - (-६३) = ७७. प्रत्यक्षात एक साल नसलेलंच असल्यामुळे ७६, आणि वाढदिवसाला महिनाभर बाकी होता म्हणून वय ७५. खगोलशास्त्रज्ञांनी वैतागून आपल्यापुरतं शून्य साल घालून घेतलंय. त्यांचं वर्ष ० म्हणजे इतिहासकारांचं इसवी सनपूर्व १.

आता गुणाकार, म्हणजे ते कुप्रसिद्ध ‘उणे गुणिले उणे बरोबर अधिक’. याला पाठ करण्यापलीकडे काही कारण आहे असं पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटत नाही. धरणाची पातळी रोज दोन टक्के उतरते आहे: रोजचा बदल -२. आज खूण बरोबर शून्यावर आहे. चार दिवसांनी? ४ × (-२) = -८. इथपर्यंत कुणाचीच हरकत नसते. चार दिवसांपूर्वी? ‘पूर्वी’ म्हणजे दिवसांच्या रेषेवर -४. पाणी रोज उतरत आलंय, तेव्हा चार दिवसांपूर्वी ते वर असणार, आठ टक्क्यांवर. (-४) × (-२) = ८. उतरत्या गोष्टीकडे मागे वळून पाहिलं की ती चढती दिसते.

ज्यांना धरणावर भरवसा नाही त्यांच्यासाठी कोरडा पुरावा. ३ आणि -३ ची बेरीज शून्य, म्हणून तिला -२ ने गुणलं तरी शून्यच यायला हवं. पण (-२) × (३ + (-३)) मधला कंस सोडवून गुणलं तर (-२) × ३ हे -६ होतं आणि सोबत (-२) × (-३) राहतं. दोघांची बेरीज शून्य व्हायची तर तो दुसरा गुणाकार ६ च असला पाहिजे. तो -६ मानला तर बेरीज -१२ होईल आणि कंस सोडवण्याचा साधा नियमच मोडेल.

हा नियम आपल्याकडे फार लवकर लिहून ठेवला गेला. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ‘ब्रह्मस्फुटसिद्धान्त’ या आपल्या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम एकत्र दिले आहेत. दोन ऋणांचा गुणाकार धन हाही त्यात आहे. त्याच्याही आधी चिनी गणिती मोजणीच्या काड्या वापरत, धनासाठी लाल आणि ऋणासाठी काळ्या. (आजचे हिशेबनीस तोटा लाल शाईने दाखवतात, म्हणजे बरोबर उलटं!) युरोप मात्र बराच काळ कुरकुरत राहिला. इंग्लंडच्या फ्रान्सिस मॅसेरेसने तर १७५८ मध्ये बीजगणितातल्या उणे चिन्हाच्या वापरावर एक आख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्याचा सूर असा की सुट्या ऋण संख्या गणितात आणूच नयेत. ब्रह्मगुप्ताला तोवर अकराशे वर्षं होऊन गेली होती.

आपल्याकडेही सगळं एकदम पचलं होतं असं नाही. भास्कराचार्यांचं लिखाण याबाबतीत मोठं वाचनीय आहे. हे बाराव्या शतकातले गणिती. जन्म १११४ चा. चाळीसगावजवळच्या पाटण गावात त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे, त्यामुळे त्यांच्या घराण्याचा खानदेशाशी संबंध पक्का. ऋण संख्येवर ते टिंब देत. आडवी रेघ नंतरची. ‘लीलावती’ या आपल्या गणिताच्या ग्रंथात त्यांनी एक त्रिकोण दिला आहे: दोन बाजू १० आणि १७, पाया ९. वरच्या टोकातून पायावर लंब टाका. लंबामुळे पायाचे जे दोन तुकडे होतात, ते किती लांबीचे? नेहमीच्या रीतीने हिशेब केला की उत्तरं येतात १५ आणि -६. पाया नऊचा आणि एक तुकडा पंधराचा, दुसरा उणे सहाचा! कागदावर काढून पाहा. लंब पायावर पडतच नाही, तो पायाच्या बाहेर, दहाच्या बाजूच्या पलीकडे सहा एककांवर जमिनीला टेकतो. भास्कराचार्यांनी उत्तर टाकून दिलं नाही. उणे सहा म्हणजे विरुद्ध दिशेला सहा, असं त्यांनी सांगितलं आणि पुढे लंब ८, क्षेत्रफळ ३६ काढून ते मोकळे झाले. पायाचं एक टोक शून्य धरलं की ही सरळ संख्यारेषाच आहे, वॉलिसच्या पाचशे वर्षं आधी.

पण याच माणसाच्या ‘बीजगणित’ नावाच्या ग्रंथात माकडांचं एक उदाहरण येतं. एका कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत शिरली. उरलेलं एक फांदीवर बसलेलं दिसतंय. तर एकूण माकडं किती? समीकरण सोडवलं की दोन उत्तरं मिळतात, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, सातांचा वर्ग ४९, आणि फांदीवरचं एक धरून ५०. जुळलं. पाचचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन, उणे दोनचा वर्ग चार, अधिक एक, पाच. हेही जुळलं, आकडेमोडीत बोट ठेवायला जागा नाही.

तरी भास्कराचार्य म्हणतात, हे दुसरं उत्तर घेऊ नये. उघड गोष्टींत ऋण संख्या आली तर ती लोकांना पटत नाही. त्रिकोणाच्या पायाला शून्याच्या पलीकडे जमीन होती, उजनीला शून्याच्या खाली ६३.६६ टीएमसी पाणी आहे. माकडांचं शून्य टोपलीतल्या आंब्यांसारखं, त्याच्या खाली काही नाही. कळपाच्या पाचव्या भागातून, म्हणजे एका माकडातून, तीन माकडं बाजूला काढताच येत नाहीत. पुढे वर्ग करून चिन्ह पुसलं जातं म्हणून ते फक्त झाकलं जातं. माकडं पन्नास.